सुंभ, पीळ आणि नरक्या

पडवीकर

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

आमच्या थोरल्या वहिनींना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता किमो चालू आहे. दर पंधरा दिवसांनी तुतारी एक्स्प्रेसने मुंबई, तिथे सलाईन, मग गळ्यात अडकवलेला ४६ तासांचा पंप, तो काढला की परत गाव. औषधांच्या चिठ्ठीत एक नाव आहे, इरिनोटेकॅन.

गेल्या आठवड्यात भाचा घाटावरून आला तो प्लास्टिकच्या पिशवीत तपकिरी पूड घेऊन. म्हणाला, "मामा, हे नरक्याचं लाकूड. मामीला इस्पितळात जे देतात ते ह्याच झाडातनं निघतं. नेटवर बघा. मग हजारो रुपये कशाला घालायचे? रोज चमचाभर काढा द्या."

नेटवर बघितलं. पोरगं अर्धं खरं बोलतंय! धादांत खोटं बोलणाऱ्याला गप्प बसवता येतं, अर्धं खरं बोलणाऱ्याशी कसं भांडायचं? म्हणून चार दिवस वाचत बसलो. शास्त्राचा मास्तर होतो, ३१ वर्षं शिकवलं, पण खरं सांगतो, ज्या गोष्टीवर हे औषध चालतं ती मी वर्गात कधी शिकवलीच नाही.

डीएनएला पीळ असतो हे सगळ्यांना पाठ आहे. १९५३, वॉटसन आणि क्रिक, रोझलिंड फ्रँकलिन यांची क्ष-किरण छायाचित्रं, साधारण साडेदहा पायऱ्यांमागे एक वेढा, एका पेशीत दोन मीटर धागा. आकृती काढा, तीन गुण. पण दोन पेड सुटे केल्याशिवाय आतलं अक्षर वाचता येत नाही. मग सुटलेला पीळ जातो कुठे? एकाही पोराने विचारलं नाही, मलाही पडला नाही हा प्रश्न.

परवा पडवीत प्रयोग केला. माळ्यावर जुना दोन पेडांचा सुंभ होता, आईच्या हातचा. (आमच्याकडे सोडणं खाडीच्या चिखलात कुजवून काथ्या काढायचे, ती पिढी गेली.) दोन्ही टोकं दोन खांबांना घट्ट बांधली. मध्ये दोन पेडांच्या फटीत आधी खराट्याचा हीर घातला, तो मोडला. मग पेन्सिल घातली आणि न फिरवता सरळ पुढे सरकवत नेली. पहिली वीत सहज गेली. मग पुढचा पीळ दाटायला लागला. आणखी थोडं रेटलं तर सुंभाला पुढे आढे पडले, दोरी स्वतःभोवतीच वळायला लागली, पेन्सिल जागची हलेना. आणि मागे बघतो तर दोन पेड सैल, शेजारी शेजारी लोंबतायत.

पेशीत हेच होतं. जनुक वाचणारं यंत्र ही आपली पेन्सिल. ते मिनिटाला दोनएक हजार अक्षरं वाचत जातं, म्हणजे सेकंदाला तीनेक वेढे पुढे ढकलतं. वाट मोकळी केली नाही तर तिथेच अडकेल. म्हणून निसर्गाने एक प्रथिन ठेवलंय, टोपोआयसोमरेज-१. ते एकाच पेडाला चीर देतं, दोरीला गर्रकन फिरून पीळ सोडू देतं आणि चीर परत सांधतं. नरक्यातलं द्रव्य, कॅम्प्टोथेसिन, नेमकं त्या चिरेत जाऊन बसतं. चीर सांधली जात नाही. त्या घडीला पेशी विभागायच्या तयारीत असेल आणि डीएनएची नक्कल काढणारं यंत्र धडधडत येऊन त्या चिरेवर आदळलं, तर दोन्ही पेड तुटतात. असे पुरेसे घाव बसले की पेशी मरते.

इथवर मला कळलं. आता जाणकारांनी चुका काढाव्यात. आणि भाच्याला काय सांगू तेही सांगा.

शेवंती

मास्तर, पीळ नंतर. ती पूड आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा. मी इस्पितळाच्या औषधखात्यात काम करते, किमोची औषधं माझ्या हातावरून जातात.

भाच्याला इतकंच सांगा की त्याची कल्पना नवी नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत कॅम्प्टोथेसिनच माणसांना देऊन बघितलं होतं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचा सोडियम क्षार केला. त्या क्षारात रेणूमधली एक कडी उघडते आणि औषध लुळं पडतं. पण मूत्राशयात आम्लता मिळाली की कडी परत जुळते, औषध तिथे जागं होतं. लोकांना लघवीतून रक्त जायला लागलं, रक्तपेशी कोसळल्या. चाचण्या थांबवल्या. द्रव्य तेच, शुद्ध, मोजून दिलेलं, डॉक्टरांच्या नजरेखाली. तुमच्या पिशवीत तर किती आहे हेच ठाऊक नाही.

इरिनोटेकॅन हे त्याच रेणूला शेपूट लावून पाण्यात विरघळेल असं केलेलं रूप आहे. शरीरात गेल्यावर शेपूट तुटतं आणि खरं औषध तयार होतं. ते निकामी करायचं काम यकृतातलं एक विकर करतं, आणि काही जणांत ते विकर जन्मतःच मंद असतं. अशांना नेहमीची मात्राही जड जाते. त्यात वरून चमचाभर अंदाजपंचे काढा?

वहिनींना जुलाब होतायत का? या औषधाचे जुलाब साधे समजू नका. गोळ्या दिल्या असतील त्या कशा घ्यायच्या ते लिहून फ्रिजवर चिकटवा. ताप आला तर सकाळची वाट न बघता फोन करा.

रापण

मास्तरानू, माका येक सांगा, ह्यो नरक्यो म्हणजे टेम्पोत पकडतत तोच मां? आमच्या हयसर मागे लाकडाचो टेम्पो धरलेलो, तेवा म्हणीत होते परदेशात जाता, औषधाक. माझ्या परसात तसला येक झाड आसा. फुलांक असो वास येता की नाक धरूक लागता.

पडवीकर

शेवंतीताई, पूड खड्ड्यात पुरली. भाचा फुगून बसलाय. जुलाब पहिल्या फेरीत झाले, दोन दिवस. वहिनींनी "प्रवासाने झालं असेल" म्हणून कोणाला सांगितलंच नाही! आता तुमचा निरोप वाचून दाखवला.

केवडा

काय सुंदर प्रयोग केलात, मास्तर. मी पुण्यात प्रयोगशाळेत आहे, माहेर वेंगुर्ला, त्यामुळे सुंभ बघितलेला आहे. तुम्ही जे पडवीत केलंत ते १९८७ मध्ये लिऊ आणि वांग यांनी कागदावर मांडलं होतं: वाचणाऱ्या यंत्रापुढे पीळ दाटतो, मागे उणा पडतो. यातल्या वांग यांनीच १९७१ मध्ये जिवाणूत पहिलं टोपोआयसोमरेज शोधलं होतं.

तुम्ही पुढे दाटलेल्या पिळावर थांबलात. मला मजा वाटते ती मागच्या सैल भागाची. कॅन्सरच्या जनुकाचं खरं राजकारण तिथे चालतं.

मिक नावाचं जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे. पेशीला "वाढ, विभाग" असा हुकूम देणाऱ्यांपैकी हा एक वतनदार. पुष्कळ कॅन्सरमध्ये त्याचं प्रथिन प्रमाणाबाहेर झालेलं असतं, आणि दर वेळी जनुकाच्या अक्षरांत चूक असतेच असं नाही. अक्षरं शाबूत, पण वाचन बेसुमार.

या जनुकाच्या सुरुवातीपासून दीड हजाराहून अधिक अक्षरं अलीकडे एक तुकडा आहे, फ्यूज नावाचा. वाचन सुरू झालं की मागे सरकणारा उणा पीळ तिथवर पोचतो आणि तो तुकडा ताणाने उलगडतो, दोन पेड वेगळे होतात. उलगडला की एक प्रथिन येऊन सुट्या पेडाला धरतं आणि वाचनाला आणखी जोर देतं. वाचन वाढलं, पीळ आणखी उणा झाला, की दुसरं प्रथिन येऊन लगाम खेचतं. या दुसऱ्याचं नाव एफआयआर, पोलिसांतली नव्हे. म्हणजे जनुक किती जोरात वाचलं जातंय याची खबर पिळातूनच मागे जाते, आणि त्यावरून आवाज कमी-जास्त होतो. विहिरीवर रहाट ओढताना दोराच्या ताणावरून कळशी भरली की नाही ते हाताला कळतं ना, तसं.

आता तुमच्या घरातली गोष्ट. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये या लगाम खेचणाऱ्या प्रथिनाचं एक अर्धवट कापलेलं रूप जपानी संशोधकांना २००६ मध्ये सापडलं. त्याला लगाम ओढता येत नाही. वहिनींच्या गाठीत तसंच झालंय असा याचा अर्थ काढू नका. पण पीळ ही शोभेची वस्तू नाही हे पटायला एवढं पुरे.

शंकेखोर

वाचायला छान. पण पीळ प्रत्येक जनुकाला आहे, टोपोआयसोमरेज प्रत्येक पेशीत आहे. मग कॅन्सरच्याच पेशी का मराव्यात? आणि "रचनेवर उपचार" म्हणजे नेमकं काय? नुसता पीळ तोडणं हा उपचार की धोंडा?

केवडा

धोंडाच, शंकेखोर, आणि तो सावकाश नेम धरून मारायला शिकतायत. घाव घातक होतो तो मुख्यतः नक्कल चालू असताना, म्हणून वारंवार विभागणाऱ्या पेशी जास्त मरतात. त्यात गाठ आली, पण आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, अस्थिमज्जा हेही आले.

"नेम" म्हणजे काय त्याचा एक प्रयत्न सांगते. त्याच मिक जनुकाच्या तोंडाशी ग अक्षरांची, म्हणजे ग्वानिनची, दाटी असलेला पट्टा आहे. उण्या पिळाने तो सैल झाला की एक विचित्र गोष्ट होते: एकाच पेडातले चार-चार ग चौकोनात हात धरतात, आणि असे चौकोन एकावर एक रचले जातात. देवळाबाहेरच्या दीपमाळेचे थर डोळ्यासमोर आणा. मध्ये पोटॅशियमचा अणू बसून ते थर धरून ठेवतो. याला जी-चौपदर म्हणू. ग अक्षरं अशी चौघांत जमतात हे १९६२ पासून माहीत होतं, पण बरीच वर्षं लोक ती परीक्षानळीतली गंमत समजत होते.

२००२ मध्ये ॲरिझोनातल्या लॉरेन्स हर्ली यांच्या गटाने दाखवलं की मिकच्या तोंडाशी ही घडी पडू दिली नाही तर जनुक जास्त वाचलं जातं, आणि एका रेणूने घडी पक्की केली तर वाचन उतरतं. मग विचार आला की घडी आवळून धरणारं औषध करू, म्हणजे मिकचं तोंड बंद. मिकचं प्रथिन इतकं गुळगुळीत आहे की औषधाला त्यावर धरायला कोनाडाच मिळत नाही, म्हणून प्रथिनाऐवजी जनुकाचाच आकार धरायचा. २०१३ मध्ये केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमणियन यांच्या गटाने माणसाच्या पेशीत या घड्या प्रतिपिंडाने, म्हणजे नेमकी खूण ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाने, रंगवून दाखवल्या. २०१८ मध्ये सिडनीच्या लोकांनी समोरच्या पेडाची वेगळी घडीही जिवंत पेशीत दाखवली.

रापण

पोटॅशियम म्हटल्यार शहाळ्याचा पाणी इला. प्यालला बरा काय?

शेवंती

तहानेला प्या. घडीशी त्याचा काही संबंध नाही, पेशीत पोटॅशियम आधीच भरपूर असतं. आणि कोणाच्या किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

शंकेखोर

मग २००२ पासून आजवर मिक बंद करणारी गोळी दुकानात का नाही?

केवडा

कारण गोष्ट वाटली तेवढी सरळ निघाली नाही. केंब्रिजच्याच गटाने २०१६ मध्ये अख्ख्या जनुकसंचात घड्या कुठे पडतात ते मोजलं. अपेक्षा होती की घडी असेल तिथे जनुक गप्प असेल. निघालं उलटं. ज्या जनुकांचं वाचन जोरात चालू, त्यांच्याच तोंडाशी घड्या जास्त. म्हणजे घडी हे कुलूप आहे की उघड्या दारात अडकवलेली उटी, यावर अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर जागा बघून दोन्ही. आमच्यातले कित्येक जण अजून भाषणात "घडी म्हणजे बंद" असंच सांगून मोकळे होतात, त्याचा मला राग येतो.

एक औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, सीएक्स-५४६१. ते घड्या पक्क्या करतं. ज्या गाठींत डीएनए दुरुस्त करणारी बीआरसीए जनुकं बिघडलेली असतात, तिथे घडीवर अडखळून झालेले घाव भरून निघत नाहीत, म्हणून अशा रुग्णांत ते तपासलं गेलं, काहींना उपयोगही दिसला. मग २०२० मध्ये एका गटाने दाखवलं की हे औषध पेशी मारतं ते मुख्यतः टोपोआयसोमरेज-२ ला अडकवून! हे पहिल्याचं भावंड, दोन्ही पेड कापून पीळ सोडणारं. निघालो होतो घडीच्या शोधात, पोचलो परत पिळाशी.

मास्तर, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते इथे वेगळ्याच अर्थाने खरं आहे.

बाकी रचना म्हणजे फक्त घडी-पीळ नव्हे. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर १४७ अक्षरजोड्या. रीळ आवळलं की जनुक झाकलं जातं. डीएनएवरचे मिथिलचे ठिपके काढून झाकलेली जनुकं उघडणारी औषधं, ॲझासायटिडीन वगैरे, २००४ पासून रक्ताच्या काही आजारांत वापरात आहेत. आणि बर्किट लिंफोमा नावाच्या कॅन्सरमध्ये तर मिक जनुक तुकडा तुटून भलत्याच गुणसूत्रावर, प्रतिपिंडांच्या जनुकाच्या बटणाशेजारी जाऊन बसतं. अक्षर तेच, शेजार बदलला. यावर कोणी वेगळा धागा काढा, इथे मास्तरांचा सुंभ पुरे.

आडवाटकर

उशिरा आलो, आंबोलीत होतो, रेंज नाही. झाडाबद्दल दोन शब्द.

कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा काढलं ते चीनमधल्या एका झाडातून, १९६६ मध्ये, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, अमेरिकेत. हे वाणी जन्मले आपल्या नंदुरबारात, शिकले मुंबईत. टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही याच जोडीचं. एवढा माणूस, पण आपल्याकडे किती पोरांना नाव माहीत आहे? १९७२ मध्ये मुंबईत काम करणाऱ्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं. तिथून झाडाचे दिवस फिरले.

महाबळेश्वराकडे याला अमृता म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत! मला हे कोणी मुद्दाम रचल्यासारखं वाटतं, पण नावं खरंच अशी आहेत. लहानखुरं झाड, फुलं बारीक, फिकट पिवळसर, पावसाळ्यात येतात, वास घाण. फळ पिकलं की जांभळट. (घाणेरी वेगळी, ती टणटणी. गोंधळ करू नका.)

द्रव्य लाकडात, सालीत, मुळात सगळीकडे असतं, म्हणून चोर फांदी तोडून थांबत नाहीत, मुळासकट उपटतात. देवराईच्या कडेला मी अशी खड्ड्यांची रांग बघितली आहे. प्रत्येक खड्ड्यात पाणी साचलेलं आणि काठाला चिप्पाट्या. त्यामुळे भाच्याला विचारा, पूड आणली कुठून. आणि ती नरक्याचीच कशावरून? दळलेल्या लाकडाकडे बघून मीसुद्धा सांगू शकणार नाही.

रापण, फोटो टाका.

रापण

टाकतंय उद्या. पण दर्यातसून कायच औषध नाय काय? सगळा जंगलातलाच?

केवडा

आहे की! ट्रॅबेक्टेडिन. कॅरिबियन समुद्रातल्या एका पिशवीसारख्या जिवातून मिळालं. होडीच्या बुडाला चिकटणारे मऊ गोळे असतात, पिचकारी मारणारे, त्यांच्या गोतातला. हा रेणू डीएनएच्या अरुंद खाचेत बसतो, तिथल्या ग ला चिकटतो आणि धाग्याला बाक आणतो. २००७ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. चरबीच्या ऊतीचा एक कॅन्सर आहे, त्यात दोन जनुकं जोडली जाऊन एक भलतं प्रथिन तयार होतं आणि ते जनुकांवर ठाण मांडून बसतं. या औषधाने ते प्रथिन आपल्या जागांवरून सुटतं असं दिसलंय. "जनुकाचा आकार बदलून कॅन्सरचं वाचन बदला" याचं मला माहीत असलेलं सगळ्यात नेटकं उदाहरण हेच.

शेवंती

शंकेखोर, तुमच्या नेमाच्या प्रश्नाला माझ्याकडून एक. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन, २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता. स्तनाच्या काही गाठींवर हर-२ नावाची खूण जास्त असते, ती हेरणाऱ्या प्रतिपिंडाला आठेक रेणू बांधलेले असतात. ते रेणू कोणाच्या घराण्यातले? कॅम्प्टोथेसिनच्याच! गाठीच्या पेशीत शिरल्यावर गाठोडं सुटतं. तरी निर्धोक म्हणू नका, फुप्फुसाला सूज येऊ शकते, रुग्णाला खोकला किंवा धाप लागली की आम्ही लगेच कळवायला सांगतो. आणि किंमत ऐकलीत तर मास्तरांचा भाचा परत पुडीकडे वळेल.

पडवीकर

वळला होता! पण काल वहिनींनीच त्याला पडवीत बसवून सुंभ दाखवला. पेन्सिल त्याच्या हातात दिली, "ढकल" म्हणाल्या. ढकलली, अडकली. मग वहिनींनी विळीवर एक पेड कापला, दोरी गर्रकन फिरली, पेन्सिल सुटली. "आता ही चीर उघडी राहिली तर काय होईल ते माझ्या डोक्याकडे बघ," म्हणाल्या आणि पदर मागे घेतला. मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, गाठीचं ठीक आहे, पण माझ्या केसांनी काय घोडं मारलं होतं?" केवडाताईंचं उत्तर वाचून दाखवलं, वारंवार विभागणाऱ्या पेशी वगैरे. "म्हणजे उत्साही होते म्हणून मेले," एवढंच म्हणाल्या आणि भात बघायला गेल्या.

भाच्याने पूड कुठून आणली ते अजून सांगितलेलं नाही. पाचशे रुपये दिले होते म्हणे.

तिसरी फेरी परवा. गोळ्यांचा कागद फ्रिजवर लावलाय.

रापण

फोटो टाकलंय. पान, साल आणि खाली पडलेला फूल. फूल चैतात इलेला, मोठा, मधी गुलाबी तुरो.

आडवाटकर

रापणभाऊ, हा कुंभा. मोठी पानं, गळायच्या आधी लाल होतात, आणि वास त्याच्या फुलांनाही घाणच. नरक्या नव्हे.

रापण

अरे देवा. म्हणजे धा वर्सां मी उगाच रातचो राखण करतंय.